मंडळीचे 'वडील' म्हणजे नेमके कोण, आणि त्यांचं काम काय?

ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या मित्राला तुम्ही बोलता बोलता सांगितलंत की "काल आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडिलांची मिटिंग होती", तर तो हमखास विचारणार, कोणाच्या वडिलांची? त्याचं काही चुकत नाही, मराठीत वडील म्हणजे बाबा, नाहीतर घरातला थोरला माणूस. पण खरं सांगायचं तर दर रविवारी चर्चला जाणाऱ्यांनासुद्धा हा शब्द नीट कळलेला असतो असं नाही. लहानपणी माझी समजूत अशी होती की वडील म्हणजे पुढच्या बाकावर बसणारी, दान गोळा करणारी आणि पोरांनी गडबड केली की मागे वळून बघणारी माणसं. पुष्कळ मोठ्या माणसांची समजूतही याच्या फार पुढे गेलेली नसते.

मग अधूनमधून कुठल्यातरी मोठ्या चर्चच्या पाळकाबद्दल, म्हणजे पास्टरबद्दल, बातमी येते, पैशाचा घोळ असतो किंवा गैरवर्तन असतं, आणि त्यात हमखास लिहिलेलं असतं की एल्डर्सनी चौकशी नेमली, किंवा एल्डर्सना सगळं माहीत होतं तरी ते गप्प बसले. तेव्हा लोक विचारतात, हे एल्डर्स कोण, त्यांना नेमलं कोणी, पाळक त्यांच्या हाताखाली की ते पाळकाच्या हाताखाली? तर एल्डर म्हणजेच आपले वडील. आणि मला वाटतं हे समजून घेणं फक्त कमिटीत असणाऱ्यांसाठी नाही, मंडळीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी गरजेचं आहे.

आधी शब्द समजून घेऊ

नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्यात मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी मुख्य दोन शब्द येतात. एक प्रेस्बुतेरॉस, म्हणजे वयाने किंवा मानाने मोठा माणूस, यालाच मराठी बायबल 'वडील' म्हणतं. दुसरा एपिस्कोपॉस, म्हणजे देखरेख करणारा, याला मराठीत 'अध्यक्ष' असं भाषांतर मिळालंय, आणि खरं तर त्यामुळे थोडा गोंधळच होतो कारण अध्यक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे हार घातलेला, स्टेजवर मधल्या खुर्चीत बसलेला माणूस येतो. या दोन्हींच्या जोडीला एक चित्र येतं, मेंढपाळाचं. आपला 'पाळक' हा शब्द त्याच चित्रातून आलाय.

आता गंमत अशी की हे तीन वेगवेगळे हुद्दे आहेत असं आपण धरून चालतो, पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २०वा अध्याय उघडा. गावोगाव मंडळ्या उभ्या करणारा प्रेषित पौल मिलेत नावाच्या बंदरात थांबलाय आणि तिथून निरोप पाठवून तो इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो. ते आल्यावर त्याच लोकांना तो म्हणतो की पवित्र आत्म्याने तुम्हाला देखरेख करणारे म्हणून नेमलंय, आणि पुढे म्हणतो की देवाच्या मंडळीचं मेंढपाळासारखं पालन करा. म्हणजे माणसं तीच आणि शब्द तिन्ही. आपला सहकारी तीत याला लिहिलेल्या पत्रातही पौल बोलायला सुरुवात वडिलांबद्दल करतो आणि दोन ओळींनंतर त्यांनाच अध्यक्ष म्हणतो. एकच बाई कोणाची आई असते, कोणाची मावशी असते आणि शाळेत गेली की बाई असते, तसंच हे, एक शब्द तिचं नातं सांगतो, दुसरा तिचं काम सांगतो.

पुढच्या काळात हे शब्द वेगळे झाले. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखिया शहराचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत आपल्याला एक बिशप, त्याच्याबरोबर वडील आणि मग डीकन म्हणजे सेवक अशी तीन पायऱ्यांची रचना दिसते. बिशप हा शब्द एपिस्कोपॉसवरून आला आणि इंग्रजीतला प्रीस्ट हा शब्द प्रेस्बुतेरॉसवरून. तेव्हा कॅथलिक चर्चमधले फादर आणि प्रेस्बिटेरियन चर्चमधले एल्डर, दोघांचंही मूळ त्या एकाच शब्दात आहे.

ही पद्धत आली कुठून?

ख्रिस्ती लोकांनी ही काही नव्याने शोधलेली नाही. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याची गोष्ट आठवा, जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलाय आणि लोक रांगेत ताटकळलेत. त्याचा सासरा इथ्रो भेटायला आलेला असतो, तो हे बघतो आणि स्पष्ट सांगतो की तू करतोयस ते बरं नाही, तू पण झिजशील आणि हे लोक पण थकतील. मग तो देवाला भिणारी, खरी, लाचेचा तिटकारा असलेली माणसं निवडून हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर नेमायचा सल्ला देतो. पुढे गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात ७० वडिलांना मोशेच्या बरोबरीने लोकांचा भार उचलायला उभं केलं जातं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण इथे मानाचा विषयच नाही, 'भार' असाच शब्द आहे.

यहुदी सभास्थानांतही वडील होतेच, त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती लोकांना ही ओळखीची गोष्ट होती. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा गावोगाव फिरून नव्या मंडळ्या उभ्या करत होते तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी प्रत्येक मंडळीत उपास आणि प्रार्थना करून वडील नेमले. आणि विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी की नाही यावर मोठा वाद पेटला तेव्हा तो सोडवायला यरुशलेमात प्रेषित, म्हणजे येशूने स्वतः पाठवलेले पुढारी, आणि वडील एकत्र बसले होते.

एक नाही, अनेक

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे म्हणून जरा थांबून सांगतो. नव्या करारात एखाद्या मंडळीच्या वडिलांचा उल्लेख येतो तो जवळजवळ प्रत्येक वेळी अनेकवचनात. इफिसचे वडील, यरुशलेमचे वडील, प्रत्येक नगरात वडील. फिलिप्पैच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत अध्यक्ष आणि सेवक, दोन्ही अनेकवचनी. एकाच माणसाच्या हातात सगळी मंडळी, असं चित्र एका ठिकाणी मात्र ठळक दिसतं, योहानाच्या तिसऱ्या पत्रात, तिथे दियत्रफेस नावाचा माणूस आहे ज्याला पहिलं स्थान मिळवायची हौस आहे, तो प्रेषिताचं ऐकत नाही आणि बाहेरून आलेल्या बंधूंना घरात घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. त्याची तिथे काही स्तुती केलेली नाही.

अनेक का हवेत हे समजायला फार लांब जायला नको. घरात कोणी खूप आजारी असेल आणि रात्रभर जागायचं असेल तर एकटा माणूस कितीही प्रेमळ असला तरी पहाटेला त्याचा डोळा लागणारच, आणि नेमकं तेव्हाच सलाइन संपतं. चौघांनी पाळ्या लावल्या तर आजाऱ्याकडे सतत कोणीतरी बघत असतं, शिवाय जागणाऱ्यालाही झोप मिळते. दुसरं म्हणजे स्वतःची पाठ कोणालाच दिसत नाही. पाळकाला प्रवचनाची देणगी असेल पण रागावर ताबा नसेल, तर ते त्याला कोण सांगणार? बायको सांगेल, ती घरात. मंडळीच्या पातळीवर सांगायला त्याच्या बरोबरीने उभी असलेली, त्याच्यावर प्रेम करणारी आणि त्याला न घाबरणारी माणसं लागतात. ज्या बातम्यांनी आपलं काळीज तुटतं त्यांत पुष्कळदा अशी माणसं एक तर नव्हतीच किंवा होती पण सगळी पाळकाने स्वतः निवडलेली, त्याच्या शब्दाबाहेर न जाणारी होती. नावाला पाच वडील आणि प्रत्यक्षात एकाचं राज्य, हे अनेकवचन धरत नाहीत.

करतात काय मग?

बऱ्याच मंडळ्यांत वडिलांचं काम म्हणजे मिटिंग, जमाखर्च, छताची गळती आणि वार्षिक कार्यक्रम, एवढंच होऊन बसलंय. हे पण कोणीतरी करायला लागतंच. पण येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात वडिलांना जे सांगतो, आणि तो स्वतःला 'मीही तुमच्यासारखाच एक वडील' म्हणून सांगतो, ते म्हणजे कळप राखा. मेंढरं राखणाऱ्याचं काम काय असतं, चारायला नेणं, चुकलेलं शोधणं, लंगडणाऱ्याकडे बघणं, लांडग्यावर नजर ठेवणं.

चारा म्हणजे शिकवण. मंडळीला खरं वचन मिळतंय ना, स्टेजवरून काय सांगितलं जातंय याची जबाबदारी वडिलांची, भले बोलणारा दुसरा कोणी असो. लांडग्यांबद्दल पौल मिलेतमध्ये इफिसच्या वडिलांना जे बोलला ते अंगावर काटा आणणारं आहे, क्रूर लांडगे बाहेरून येतील आणि तुमच्यातूनही काही उठतील जे लोकांना आपल्या मागे ओढायला उलटसुलट शिकवतील. म्हणजे वडिलांनी एकमेकांवरसुद्धा लक्ष ठेवायचंय.

आणि आजाऱ्यांचं. याकोबाच्या पत्रात लिहिलंय, तुमच्यात कोणी दुखणाईत आहे का, त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. आमच्या घरी एकदा मोठं आजारपण होतं, तेव्हा दोन वडील आले, फार काही बोलले नाहीत, एकाला तर प्रार्थनेचे शब्दही नीट सुचत नव्हते, पण ते दर आठवड्याला येत राहिले, आणि त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की मागच्या बाकांकडे वळून बघणारी ही माणसं खरं तर कशासाठी असतात. त्या वर्षी चर्चमध्ये काय काय प्रवचनं झाली ते मला आज आठवत नाही.

डीकन आणि वडील एकच का?

नाही. डीकन म्हणजे सेवक. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात दुजाभाव होतो अशी तक्रार येते आणि तिथे सात जण निवडले जातात, कारण प्रेषितांना वचन आणि प्रार्थना सोडून वाटपात अडकायचं नव्हतं. त्या सातांना तिथे डीकन असं म्हटलेलं नाही पण मंडळीने या पदाची सुरुवात तिथेच पाहिली. ढोबळ फरक असा की गरजूंची मदत, पैसा, वस्तू हे डीकन बघतात आणि शिकवण, शिस्त, दिशा हे वडील बघतात. काही चर्चमध्ये या सीमा पुसट आहेत, आणि काही ठिकाणी डीकनच वडिलांचं काम करतात.

कोणाला करायचं?

पौलाने तीमथ्य आणि तीत या आपल्या तरुण सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत, १ तीमथ्य ३ आणि तीत १ मध्ये, वडिलांच्या अटी दिल्यात, या दोन याद्या वाचल्या की एक गोष्ट ठळक दिसते. शिक्षण, पैसा, घराणं, भाषणकला यातलं काही मागितलेलं नाही. मागितलंय ते असं, बायकोशी एकनिष्ठ, शांत डोक्याचा, पाहुणचार करणारा, दारूच्या नादी न लागलेला, मारामारी न करणारा, भांडण न उकरणारा, पैशाचा लोभ नसलेला, स्वतःचं घर नीट चालवणारा, आणि नुकताच विश्वासात आलेला नको कारण तो गर्वाने फुगेल. कौशल्य म्हणावं असं एकच आहे, शिकवता येणारा. बाकी सगळा स्वभाव. आणि शेवटी एक अट अशी आहे जी आपण सोयीने विसरतो, बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं हवं. म्हणजे त्याच्या ऑफिसमधले, शेजारचे, ज्यांचा चर्चशी काही संबंध नाही असे लोक त्याच्याबद्दल काय बोलतात ते विचारा.

गावाला जाताना घराची किल्ली आपण कोणाकडे ठेवतो? सगळ्यात हुशार शेजाऱ्याकडे नाही ठेवत, सगळ्यात श्रीमंताकडेही नाही. ज्याला इतकी वर्षं बघितलंय आणि ज्याने कधी दगा दिला नाही त्याच्याकडे ठेवतो. आणि म्हणूनच पौल तीमथ्याला सांगतो की कोणावर घाईने हात ठेवू नकोस, म्हणजे घाईत कोणाला नेमू नकोस.

पाळक मोठा की वडील?

हे तुमचं चर्च कुठल्या परंपरेतलं आहे त्यावर आहे. बिशप असलेल्या चर्चमध्ये अंतिम अधिकार बिशपकडे असतो आणि पाळकाची नेमणूक वरून होते. बाप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल परंपरेत शेवटचा शब्द सगळ्या सभासदांचा, तेच मतदान करून पाळक बोलावतात. प्रेस्बिटेरियन चर्चचं तर नावच वडिलांवरून पडलंय, तिथे सभासद वडील निवडतात, पाळक आणि वडील मिळून जे मंडळ होतं त्याला सेशन म्हणतात, आणि त्याच्यावर प्रेस्बिटरी, सिनड अशा सभा असतात. ब्रदरन मंडळ्यांत तर पगारी पाळक बहुधा नसतोच, वडीलच सगळं चालवतात.

प्रोटेस्टंट चर्च कॅथलिक चर्चपासून वेगळी झाली त्या सुधारणेच्या काळात जॉन कॅल्विन या पुढाऱ्याने जिनिव्हात १५४१ साली चर्चचे नियम केले तेव्हा पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदं ठेवली. तिथले १२ वडील शहराच्या वेगवेगळ्या कौन्सिलांमधून निवडलेले, पाळक नसलेले नागरिक होते, आणि शहराच्या प्रत्येक भागातल्या लोकांवर कोणाची ना कोणाची नजर राहील अशा बेताने ते निवडले जायचे. पाळकांबरोबर ते दर गुरुवारी बसायचे. त्यात शहराच्या सत्तेची सरमिसळ होती, आणि ती कधी कधी जाचक झाली हेही खरंय. पण ज्याने धर्मशास्त्राची पदवी घेतली नाही असा माणूस पाळकाच्या शेजारी बसून मंडळीची काळजी घेईल, ही कल्पना तिथून पुढे पसरली. पौलाने लिहिलंय की चांगला कारभार करणारे वडील, विशेष करून जे वचन आणि शिक्षणात कष्ट घेतात ते, दुप्पट सन्मानाला योग्य आहेत, त्यावरून शिकवणारे वडील आणि कारभार बघणारे वडील असे दोन प्रकार मानले गेले. पाळक हा शिकवणारा वडील. त्याच ओळींत मळणीच्या बैलाला मुसके घालू नको हे वचन येतं, म्हणजे जो पूर्ण वेळ राबतो त्याच्या पोटापाण्याचं बघा. माझं स्वतःचं मत असं की पाळकाने स्वतःला वडिलांमधला एक समजावं, पहिला असेल, पण त्यांच्यातला.

"पण आज्ञा पाळा असं लिहिलंय ना?"

हा प्रश्न नेहमी येतो, आणि हे वचन वापरून लोकांची तोंडं बंद केलेली मी पाहिली आहेत म्हणून मला यावर स्पष्ट बोलायचंय. हो, इब्री १३:१७ मध्ये पुढाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलंय. पण त्याच वचनात कारण दिलंय, ते हिशेब द्यायचा आहे अशा जाणिवेने तुमच्या जिवांची राखण करतात. ज्याला हिशेब द्यायचाय तो मालक नसतो. पेत्र तर सरळ म्हणतो, तुमच्या हाती सोपवलेल्यांवर धनीपण करू नका, त्यांना उदाहरण व्हा. आणि पौलाने अंत्युखियात खुद्द पेत्राला तोंडावर अडवलं होतं, तेही सगळ्यांसमोर.

वडिलांविरुद्ध तक्रार आली तर काय, याचाही नियम आहे. दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय आरोप घेऊ नको. हा नियम जुन्या करारातून आलाय आणि तो सगळ्यांनाच लागू होता, कोणा एकाच्या रागामुळे माणसाचं नाव खराब होऊ नये म्हणून. पण पुढची ओळ कोणी वाचत नाही, जे पाप करत राहतात त्यांना सगळ्यांसमोर दोष दे, म्हणजे बाकीच्यांना वचक बसेल. आणि पक्षपात करू नको. साक्षीदारांचा नियम म्हणजे तक्रार दाबायची परवानगी नाही. लहान मुलांशी किंवा कोणाशीही गैरकृत्य झालं असेल तर तो गुन्हा आहे, तो पोलिसांकडे जायलाच हवा, वडिलांनी बंद दाराआड समेट करून मिटवायचा तो विषयच नाही.

सगळी सत्ता कायमची एकाच गटाकडे राहू नये याची काळजी जुन्या लोकांनाही होती. स्कॉटलंडमध्ये १५६० साली सुधारलेल्या चर्चने नियम केले त्यात वडील दर वर्षी निवडावेत असं होतं, कारण एकच माणसं फार काळ राहिली तर मंडळीच्या स्वातंत्र्यावर कुरघोडी करतील अशी भीती होती. १५७८ च्या नियमांत हे पद पुन्हा कायमचं धरलं गेलं. आजही काही चर्चमध्ये ठराविक वर्षांची मुदत असते आणि काहींमध्ये आयुष्यभर. उलट बाजूही आहे बरं का, पहिल्या शतकाच्या शेवटी करिंथच्या मंडळीने आपल्या काही वडिलांना दोष नसताना काढून टाकलं तेव्हा रोमच्या मंडळीने लांबलचक पत्र लिहून त्यांची कानउघाडणी केली होती.

तरुण माणूस वडील होऊ शकतो का? आणि बाई?

वयाचं सोपं आहे. शब्द जरी 'वडील' असला तरी कुठेही वयाचा आकडा दिलेला नाही, आणि ज्या तीमथ्याला वडिलांबद्दलचे हे सगळे नियम लिहिलेत त्यालाच पौल म्हणतो, तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये. मुरलेपण हवं, पांढरे केस असलेच पाहिजेत असं नाही.

स्त्रियांबद्दल मात्र चर्चमध्ये खरोखरचं दुमत आहे आणि ते मी लपवणार नाही. एक बाजू म्हणते की याद्यांमध्ये 'एका स्त्रीचा पती' असं आहे आणि १ तीमथ्य २ मध्ये स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवण्याला मनाई आहे, म्हणून हे पद पुरुषांचंच. दुसरी बाजू म्हणते की ती सूचना इफिसच्या त्या वेळच्या परिस्थितीसाठी होती, आणि त्याच पौलाने फिबीला किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हटलंय, तर प्रिस्किल्लाने नवऱ्याबरोबर अपुल्लोसारख्या विद्वानाला जास्त नीट समजावून सांगितलं. चर्च ऑफ स्कॉटलंडने १९६६ मध्ये स्त्रियांना एल्डर होण्याची वाट मोकळी केली, दुसऱ्या अनेक चर्चनी केलेली नाही. दोन्हीकडे वचनावर मनापासून प्रेम करणारी माणसं आहेत. पण पद द्या किंवा देऊ नका, मंडळीतल्या बायकांचं ऐकून न घेता जे वडील निर्णय करतात त्यांना आपल्या अर्ध्याहून जास्त कळपाचं काय दुखतंय तेच माहीत नसतं, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पौल गेला, वडील राहिले

परत मिलेतला जाऊ. पौल इफिसच्या लोकांत तीन वर्षं राहिला होता, दिवसरात्र, डोळ्यांत पाणी आणून त्याने त्यांना शिकवलं होतं. आता तो यरुशलेमला निघालाय आणि त्यांना सांगतोय की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही. मी कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, याच हातांनी कष्ट करून पोट भरलं, असं तो आपले हात दाखवत सांगतो. तो आपल्या जागी दुसरा कोणी मोठा माणूस नेमत नाही, त्या सगळ्यांना मिळून देवाच्या आणि त्याच्या वचनाच्या हाती सोपवतो. मग गुडघे टेकून सगळ्यांबरोबर प्रार्थना करतो. ते त्याच्या गळ्यात पडून खूप रडतात आणि जहाजापर्यंत त्याला पोचवायला जातात.